मी लावलेलं गेट

इंग्लंडचे फोटो दाखवायला घेतले की एका फोटोपाशी माझं बोट एकदम चपळ होतं. पाहुणे म्हणतात, थांबा थांबा, ते काय होतं? मी म्हणतो, काही नाही, गेट होतं. आणि पुढचा चर्चचा फोटो मी इतकी लांबण लावून सांगतो, जसं काही ते चर्च माझ्या आजोबांनीच बांधलंय. बायको आत चहा टाकत असते. ती कपबशा जरा जोरात ठेवते.

त्या फोटोत मी आहे. गुलमंडीच्या बाजारातून घेतलेली टोपी, छाती पुढं, आणि एक हात लोखंडी गेटवर, जणू काही शिकार करून उभा आहे. खरं म्हणजे झालं होतंही तसलंच काहीतरी, फक्त तेव्हा मला माहीत नव्हतं.

आमची मुलगी तिकडं एका शहरात नोकरीला आहे. आम्ही दोघं पहिल्यांदाच परदेशात जाणार होतो आणि नेमकी पहिल्या आठवड्यात तिला सुट्टी मिळेना. म्हणून तिनं आमची सोय एका खेड्यात केली. तिथं एक म्हातारं जोडपं आपल्या शेतावरच्या घरातली एक खोली पाहुण्यांना देतं. नाश्ता त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्याच टेबलावर. मुलीनं फोनवर सांगितलं, "मम्मी, आराम करा. टेकड्या आहेत, मेंढ्या आहेत. पप्पा, तुम्ही फक्त एक करा, तिथं कुणाला काही शिकवू नका."

मी म्हणालो, "मी कशाला शिकवतोय कुणाला?" त्यावर माय-लेकी दोघी हसल्या. एक तिकडं, एक इकडं.

आता माझ्या शिकवण्याबद्दल थोडं सांगायला पाहिजे. मी चिकलठाण्याला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, राहतो उस्मानपुऱ्यात. पण आमची शेती आहे, चितेगावच्या पुढं, आणि ती धाकटा भाऊ बघतो. मी रविवारी जातो. गेल्यावर बांधावर उभा राहून भावाला सांगतो की हे असं कर, ते तसं कर. भाऊ म्हणतो, "दादा, तू सावलीत बस, माझं होईस्तोवर." तरी मी स्वतःला शेतकरीच समजतो. लहानपणी मी एकदा गुरांच्या वाडग्याचं कवाड उघडं टाकलं, आमची गुरं शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेली, आणि त्यानं ती हाकत नेऊन गावच्या कोंडवाड्यात घातली. वडिलांनी आधी गुरं सोडवून आणली, मग माझ्याकडं वळले. तेव्हापासून उघडं कवाड दिसलं की माझ्या पाठीवर काहीतरी वळवळतं.

तिथं पोचलो त्या संध्याकाळी घरच्या बाईंनी आम्हाला सगळं दाखवलं. सत्तरी ओलांडलेली, पण पायात रबरी बूट घालून ताडताड चालणारी बाई. गरम पाण्याचा नळ कुठला, किल्ली कुठं ठेवायची, आणि शेतातून पायवाट जाते, खुशाल फिरा, फक्त गेटं जशी दिसतील तशीच ठेवा. उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावलेलं. मी मान डोलावली. मला इंग्रजी समजलं नाही असं अजिबात नव्हतं. शब्द न् शब्द समजला होता.

तिचे यजमान खुर्चीत बसले होते. उंच, वाकलेले, हसतमुख म्हातारे. आम्ही त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणायला लागलो. त्यांनी माझ्या बायकोला दोनदा विचारलं की तुम्ही कुठून आलात. दोनदा तिनं सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बाईंनी हळूच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आम्हाला कळलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आजोबा बूट घालून, काठी घेऊन निघालेत. रोज सकाळी शेताला एक चक्कर, मेंढ्या बघायच्या, कुंपण बघायचं. बाई म्हणाल्या, बाकी सगळं विसरतात, पण हे नाही विसरत. पन्नास वर्षं पाय त्याच वाटेनं जातायत. हे सांगताना त्यांचा चेहरा असा होता की बायकोनं मला नंतर विचारलं, "तुम्ही म्हातारे झालात की तुमचे पाय कुठं जातील हो?" मी म्हणालो, कंपनीच्या कँटीनला.

आजोबा परत आले, आम्ही नाश्ता केला आणि फिरायला निघालो. ऊन पडलं होतं. बाई म्हणत होत्या की फार उकाडा आहे, असा उकाडा त्यांच्याकडं क्वचितच होतो. मी बायकोला म्हणालो, "एवढ्याशा उन्हाला बाई घाबरली. हिला एकदा मे महिन्यात आमच्या क्रांती चौकात उभी करायला पाहिजे." पायवाट एका चढावरच्या शेतातून जात होती. तिथं मेंढ्या चरत होत्या, लोकरीच्या गाद्याच्या गाद्या. गवत वाळून पिवळं पडलेलं. पुढं कुंपण, कुंपणाला गेट, आणि गेटाच्या पलीकडं उतारावरचं शेत, हिरवंगार.

गेट सताड उघडं होतं.

ते कुंपणाला टेकवून ठेवलेलं होतं, आणि खालच्या बाजूनं त्याच्या गजांत गवत वाढून गुंतलेलं. म्हणजे कितीतरी दिवसांत ते कुणी हलवलं नव्हतं. शहाण्याला एवढ्यावरून कळायला पाहिजे होतं. मला ते आळशीपणाचं लक्षण वाटलं. एवढं चांगलं राखलेलं हिरवं गवत, आणि इकडं मेंढ्या मोकळ्या. माझी पाठ वळवळली. मी बाह्या वर केल्या.

बायको म्हणाली, "अहो, काय करायलात? बाईंनी काय सांगितलं काल? गेट जसं असेल तसं ठेवा."

"ते आपल्यासाठी नाही गं. ज्यांना शेतीतलं कळत नाही त्यांच्यासाठी असतं ते. शहरातल्या लोकांसाठी."

"मग तुम्ही कुठले? उस्मानपुऱ्याचेच ना?"

"मी बांधावर वाढलेला माणूस आहे."

"अकरावीपासून शहरात आहात."

बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तारखा आणि इयत्ता तिच्याशी वादात काढू नयेत. मी गवत उपटलं, गेट उचलून धरलं, ढकललं, साखळी खांबाच्या हुकात अडकवली. घाम आला. फार दिवसांनी काहीतरी उपयोगाचं काम केल्यासारखं वाटलं. बायकोला फोटो काढायला लावला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, बघा, एवढी मोठी शेती, पण गेट लावायची अक्कल नाही, शेवटी मराठवाड्यालाच यावं लागलं. भावाचं उत्तर आलं, "दादा, तिथं तरी सावलीत बसायचं होतंस."

खालच्या हिरव्या शेतात, गेटपासून थोडं पुढं, पाण्याचा दगडी हौद होता. आम्ही त्याच्या कडेनं गेलो. मी त्यात हातही बुडवला आणि म्हणालो, वा, काय गार पाणी आहे. हे सांगायलाच पाहिजे, कारण नंतर मी स्वतःला समजावत होतो की हौद मला दिसलाच नव्हता.

दुपारी आम्ही दुसऱ्या वाटेनं घरी आलो आणि खोलीत पडलो. लांबून मेंढ्यांचा आवाज येत होता. आधी एखाददुसरी, मग सगळ्या मिळून. बायको खिडकीत गेली. "लईच ओरडायल्यात हो त्या."

"मेंढरं ओरडणारच. इंग्लंडची असली म्हणून काय संस्कृत बोलतील?"

माझ्या विनोदावर मीच हसलो आणि कुशीवर वळलो.

बाई त्या दिवशी तालुक्याच्या गावाला गेल्या होत्या. संध्याकाळी आल्या, गाडीतून उतरल्या, कान देऊन एक क्षण थांबल्या आणि तशाच चढाकडं पळत सुटल्या. सत्तरीची बाई पळताना मी पहिल्यांदाच बघितली. तासाभरानं परत आल्या तेव्हा हातगाडीवर एक मेंढी होती. पाण्याच्या वासानं कुंपणाच्या तारेतून घुसायला गेली आणि अडकली. मागचा पाय सोलून निघाला होता. बाकीच्या दिवसभर गेटला डोकी लावून उभ्या होत्या. वर पाणी नव्हतं. वर पाणी नसतं म्हणूनच ते गेट उन्हाळाभर उघडं असतं.

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी चपलेकडं बघितलं.

"सांगा आत्ता," ती म्हणाली.

"सांगतो. त्यांचं जरा आटपू दे."

मी खरंच सांगणार होतो. मनात वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात बाई हात धुऊन स्वयंपाकघरात आल्या. आजोबा टेबलाशी होते, आम्हीही तिथंच होतो. बाई त्यांच्यासमोर बसल्या आणि अगदी सावकाश, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाल्या, "सकाळी चक्कर मारताना तू वरचं गेट लावून आलास."

आजोबा म्हणाले, "मी?"

"तुझ्यानंतर तिकडं आपल्यातलं कुणी गेलं नाही."

आम्ही फिरायला गेलो होतो हे त्यांना माहीत होतं. पण पाहुण्यांना सांगून ठेवलंय, पाहुणे शहाणे आहेत, पाहुण्यांचं नाव त्यांच्या मनात आलंच नाही. आजोबांनी आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं, पालथे करून, उताणे करून. "मी लावलं असेन," ते म्हणाले. "मला आठवत नाही."

बाई म्हणाल्या, "मग आता तू एकट्यानं जायचं नाहीस. उद्यापासून मी जाईन." आणि आमच्याकडं वळून म्हणाल्या, "माफ करा हं. तुमच्यासमोर हे."

हीच ती वेळ होती. मी तोंड उघडलं. पंचवीस वर्षं कंपनीत मशीन बंद पडलं की मी सगळ्यांना रांगेत उभं करून विचारतो, हात कोणी लावला होता? सगळे एकमेकांकडं बघतात. मला नेहमी वाटायचं, हे लोक इतके भित्रे कसे. तर मी तोंड उघडलं आणि त्यातून जे आलं ते असं:

"व्हेरी सॅड."

एवढंच. बायको उठून खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराजवळ आजोबांचे बूट नव्हते. बाईंनी ते उचलून ठेवले होते. त्या एकट्याच चढावर गेल्या. आजोबा खिडकीपाशी खुर्चीत बसले. एकदा उठले, दारापर्यंत गेले, बूट असतात त्या जागेकडं बघितलं आणि परत येऊन बसले. बाईंनी त्यांना शेंगांचं टोपलं दिलं होतं, मटार सोलायला. बायको जाऊन त्यांच्याजवळ बसली आणि सोलायला लागली. मी समोर बसून टोस्ट खाल्ला. टोस्ट इतका वाजतो हे मला त्या दिवशी कळलं.

बायकोनं नाश्ता केला नाही. खोलीत आल्यावर बॅगेतला चिवडा काढला आणि पलंगाच्या कडेला बसून मूठमूठ खायला लागली.

"हे काय?"

"त्यांच्या घरचं खाऊन त्यांच्याच माणसाला खोटं पाडायचं, मला नाही जमत. तुमचं चालू द्या."

मी दार लावलं आणि हळू आवाजात तिला समजावलं. म्हणालो, हे बघ, शनिवारी पोरगी येणार आहे, तिनं ही खोली ठरवलीय, तिला काय वाटेल. शिवाय ही बाई उद्या येईल त्या पाहुण्याला सांगेल, भारतातून आले होते, सांगितलेलं ऐकत नाहीत. प्रश्न माझा नाही, देशाच्या इज्जतीचा आहे.

"देशाला कशाला मधे ओढता?" ती म्हणाली. "देशानं लावलं होतं का गेट?"

"मग तूच सांग ना. तुझं ऐकतील त्या."

"नाही. मी सांगितलं तर ते चुगली केल्यासारखं होईल. आणि तुम्हाला तेच पाहिजे, म्हणजे मग माझ्यावर रुसता येईल." तिनं चिवड्यातला शेंगदाणा शोधून खाल्ला. "काल रात्रभर आजोबांनी त्या बाईला किती वेळा विचारलं असेल, मी अजून काय काय विसरलोय म्हणून?"

दुपारी मुलीचा फोन आला. कसं आहे पप्पा? मी म्हणालो, एकदम मस्त. हवा चांगली आहे. मेंढ्या आहेत. बायकोनं फोन घेतला नाही. तिनं खुणेनंच सांगितलं, झोपलीय म्हणा. तेही खोटं मीच बोललो.

मग मी एका कागदावर इंग्रजीत लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात गवत, साखळी, गैरसमज, आमच्याकडची पद्धत, कोंडवाडा, सगळं होतं. बायकोनं वाचला आणि शाळेतल्या सवयीनं पेन घेऊन एकेक ओळ खोडत गेली. शेवटी एकच ओळ राहिली. काल नाश्त्यानंतर मी ते गेट लावलं. तारीख बघून तिनं काल खोडून परवा केलं. कारण हे सगळं करेस्तोवर आणखी एक दिवस गेला होता.

हो, आणखी एक दिवस. हे मी घाईत सांगून टाकावं म्हणत होतो. त्या सबंध दिवसात आजोबा खुर्चीत होते, आणि मी दोन वेळा बाईंना टाळून मागच्या दारानं बाहेर गेलो.

संध्याकाळी बाई गोठ्यात त्या मेंढीच्या पायाला औषध लावत होत्या. मी गेलो तेव्हा म्हणाल्या, बरं झालं आलात, जरा धरा हिला. मी मेंढीला दोन्ही हातांनी मिठी मारून धरलं. त्यामुळं खिशातला कागद काढता येईना. तसंच, तिच्या मानेवरून, मी म्हणालो, "ते गेट मी लावलं."

बाईंनी वर बघितलं नाही. पट्टी गुंडाळून होईपर्यंत गुंडाळली. गाठ मारली. मग विचारलं, "कधी?"

"परवा. नाश्त्यानंतर."

"मी त्याला बोलले तेव्हा तुम्ही टेबलाशी होता."

"होय."

रागावल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं, माझ्याकडं कागदावर खोडलेली पुष्कळ उत्तरं होती. त्या हात पुसत उठल्या आणि मला चला म्हणाल्या.

आजोबा खिडकीपाशीच होते. बाई त्यांच्या खुर्चीजवळ गुडघ्यावर बसल्या. म्हणाल्या, "माझं चुकलं. गेट तू लावलं नाहीस. या पाहुण्यांनी लावलं होतं."

आजोबांनी माझ्याकडं बघितलं. मग हसले, इतकं प्रेमानं हसले की मला पळून जावंसं वाटलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुम्ही चांगले आहात हो. पण असं माझ्यासाठी अंगावर घेऊ नका. मीच लावलं. मला आता नीट आठवतंय. साखळी गार लागली होती हाताला."

मी म्हणालो, "नाही, मी लावलं." इंग्रजीत तीनदा म्हणालो, मग घाबरून एकदा मराठीतही म्हणालो. ते माझा हात थोपटत राहिले. बाई उठून सिंकपाशी गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. दोन दिवस तो माणूस खुर्चीत बसून त्या गेटचाच विचार करत होता. शोधून शोधून त्याला सापडली होती ती आठवण. ती मीच त्याला घडवून दिली होती, आणि आता मला ती परत घेता येत नव्हती.

थोड्या वेळानं बाई न वळताच म्हणाल्या, "उद्या सकाळी तुम्ही त्याच्याबरोबर जा."

त्या रात्री बायको टेबलावर जेवली. माझ्यापुढं मीठ सरकवलं.

सकाळी बूट दाराशी होते. आजोबा आणि मी निघालो. काठी टेकत ते पुढं, मी दोन पावलं मागं. पहिल्या गेटपाशी ते थांबले. हात कडीवर ठेवला आणि माझ्याकडं वळून विचारलं, "हे उघडं ठेवायचं की लावायचं?"

कुठलं गेट कसं ठेवायचं, बाईंनी निघताना सांगितलेलं मला पाठ होतं, मी सांगितलं. दुसऱ्या गेटपाशी तेच. जिथं पन्नास वर्षं त्यांचे हात न विचारता चालत होते तिथं ते आता शाळेत नवीन आलेल्या पोरासारखे थांबत होते, आणि विचारत होते कुणाला, तर मला. वरच्या गेटपाशी ते बराच वेळ उभे राहिले. गेट उघडंच होतं, मेंढ्या खाली हौदावर होत्या. त्यांनी साखळीला हात लावून बघितला आणि काढून घेतला.

ओढ्याजवळ शेवटचं गेट होतं. त्याबद्दल बाईंनी मला काही सांगितलं नव्हतं. ते ना धड उघडं होतं ना धड लागलेलं, वाऱ्यानं अर्धवट हलत होतं.

"हे?" आजोबांनी विचारलं.

माझ्या डोक्यात लगेच तीन मतं तयार झाली. मी ती गिळली आणि म्हणालो, "मला माहीत नाही."

ते म्हणाले, "मलाही."

मग आम्ही दोघांनी एकेका बाजूनं ते गेट धरलं, हलू नये म्हणून, आणि बाई आम्हाला शोधत येईपर्यंत तसेच उभे राहिलो.